मसाल्याचा डबा न उघडता

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला फिलिपाईन्सचा मुगाचा एक पदार्थ करायचा असेल, तर बाजारातून एकही अनोळखी वस्तू आणावी लागत नाही. हिरवे मूग, कांदा, लसूण, टोमॅटो, शेवग्याचा पाला, तेल, मीठ. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात एक चक्कर मारली की सगळं पिशवीत येतं. शेवग्याचा पाला तर पुष्कळांना विकतही घ्यावा लागत नाही, कुणाच्या तरी कुंपणापाशी झाड असतंच. अडचण येते ती घरी आल्यावर. ओट्याशी उभं राहिलं की हात आपसूक मसाल्याच्या डब्याकडे जातो. मोहरी, जिरं, हिंग, हळद, मग तिखट, मग काळा मसाला. या पुस्तिकेतला हा पहिला पदार्थ जमायचा असेल तर तो डबा उघडायचा नाही, आणि मराठी घरात हेच सगळ्यात कठीण आहे.

फिलिपिनो लोक या पदार्थाला गिनिसांग मुंगो म्हणतात. मूग वेगळे मऊ शिजवायचे, दुसऱ्या भांड्यात लसूण, कांदा आणि टोमॅटो परतायचे, दोन्ही एकत्र करून उकळायचं आणि उतरवताना त्यात ओंजळ-दोन ओंजळी पाला टाकायचा. भातावर घेऊन खायचं. सांगायला दोन वाक्यं पुरतात, आणि तिथल्या आयांना तेवढीही लागत नसतील. तो सणाचा पदार्थ नाही, पाहुण्यांसाठीही कुणी मुद्दाम करत नाही. त्याचा वार मात्र ठरलेला आहे, शुक्रवार. फिलिपाईन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. त्या दिवशी स्वस्तात पोट भरेल आणि अंगाला लागेल असं काय करायचं, याचं उत्तर मुगाने दिलं. पुढे उपवासकाळ संपला तरी शुक्रवार चिकटून राहिला. आजही तिथल्या साध्या खाणावळींत शुक्रवारी मुंगोचं पातेलं हमखास दिसतं. गंमत अशी की एरवीच्या शुक्रवारी त्याच मुंगोवर डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे भुरभुरलेले असतात. वार पाळला, नियम सोडला. श्रावणी शुक्रवारी पुरणाचा बेत करून त्याला व्रत म्हणणाऱ्यांनी याला हसू नये.

मराठी वाचकाला मनिला हे नाव बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे ठाऊक असतं. 1958 साली तो पहिल्यांदा दिला गेला तेव्हाच्या मानकऱ्यांत विनोबा भावे होते, आणि पुढे जामखेडचं आरोळे दाम्पत्य, बाबा आमटे अशी आपली माणसं त्या यादीत येत राहिली. अलीकडे डॉक्टर व्हायला दावाओला जाणाऱ्या मुलांमुळे आणखी एक शहर ओळखीचं झालंय. पण तिथलं जेवण आपल्याकडे आलं नाही. आलं असेल तर आखातातल्या इस्पितळांच्या आणि कचेऱ्यांच्या जेवणघरांतून, जहाजांच्या खलाशीखान्यांतून. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी फार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मराठी पोरांना केव्हा ना केव्हा हे हिरवट, दाट, हळद नसलेलं वरण ताटात मिळतं. पहिल्यांदा ते नाकं मुरडतात. आमच्या घरी हा पदार्थ आला तो अशाच एका भाच्यामुळे. त्याची तक्रार होती की याला चवच नाही, आणि चार महिन्यांनी घरी आल्यावर त्याने मागितलं ते हेच.

आता या पातेल्यात कोण कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे. मूग मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याचा रानटी पूर्वज अजूनही आपल्या डोंगरउतारांवर उगवतो. नाशिकच्या शेजारी, प्रवरेकाठी, दायमाबादच्या उत्खननात सर्वांत जुन्या थरापासून गहू, जव, मसूर यांच्याबरोबर मूग-उडदाच्या कुळातले जळके दाणे मिळाले. म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारी माणसंही या भागात हेच कडधान्य शिजवत होती. इथून मूग पूर्वेकडे गेला, ब्रह्मदेश, सयाम, जावा करत बेटांवर पोचला. शेवगाही हिमालयाच्या पायथ्याचा. तोही तिकडे गेला आणि तिथे त्याच्या शेंगांपेक्षा पाल्याला मान मिळाला.

टोमॅटो मात्र उलट्या दिशेने आला. स्पॅनिश लोकांनी 1565 पासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून मनिलापर्यंत जहाजं चालवली. येताना चांदी यायची, जाताना चिनी रेशीम जायचं, आणि त्या चांदीच्या पोत्यांआड अमेरिकेतली पिकं बेटांवर उतरत गेली. लसूण, कांदा आणि टोमॅटो तेलात परतून त्यावर पदार्थ चढवायचा, ही रीतसुद्धा स्पॅनिश घरांतली. आपल्याकडे अमेरिकेची पिकं आली ती पोर्तुगिजांच्या वाटेने, गोव्याच्या बाजूने. आपण मिरची उचलली आणि तिच्याशिवाय आपलं पान हलेनासं झालं. टोमॅटो घरोघरी रुळायला इथे बराच उशीर लागला. फिलिपिनोंनी टोमॅटो जवळ केला आणि मिरचीला बहुतेक भागांत ताटाच्या कडेलाच ठेवलं. एकाच खंडातून, साधारण एकाच काळात निघालेल्या दोन गोष्टींपैकी कुणी कुठली निवडली, यावर दोन देशांच्या जिभा ठरल्या.

नाशिक जिल्ह्यात मूग पिकतो तो पूर्वेला. येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड आणि सिन्नरचा कोरडा भाग. शहरातल्या माणसाला नाशिक म्हटलं की द्राक्षं आठवतात, फार तर कांदा. या तालुक्यांतला जिराईत शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मृगाच्या पावसावर मूग पेरत आला. पीक साठ-पासष्ट दिवसांचं. जून अखेरीस पेरलं तर पोळ्याच्या सुमाराला शेंगा काळ्या पडू लागतात. घरात पहिला पैसा येतो तो मुगाचा, आणि त्यावर पोळा, गौरी-गणपती साजरे होतात. शिवाय रान लवकर मोकळं होतं, मुळांवरच्या गाठींनी जमिनीत नत्र धरलेलं असतं, आणि त्याच वावरात रांगड्या कांद्याची लागवड करता येते. मूग आणि कांदा फोडणीत भेटतात ते नंतर, आधी ते एकाच रानात एकामागून एक येऊन गेलेले असतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ हा वाण आणि त्याआधीचा जुना ‘कोपरगाव’ ही नावं या पट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतात.

पण मुगाचं दुखणंही त्या लवकर येण्यातच आहे. शेंगा सगळ्या एकदम पिकत नाहीत, दोन-तीनदा तोडाव्या लागतात, आणि तोडणी हातानेच. बायका सकाळच्या दवात वाकून शेंगा तोडतात, कारण ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा मातीत जातो. नेमक्या त्याच आठवड्यात पावसाने झड लावली तर झाडावरच दाण्याला कोंब फुटतात किंवा शेंग बुरशीने काळी होते. शिवाय पिवळ्या मोझॅकचा रोग. पाच-सात दिवसांच्या पावसात पुरा हंगाम गेलेला पाहिला की माणूस पुढच्या वर्षी मका लावतो. जिल्ह्यात मका आणि सोयाबीन पसरले त्यामागे भाव आहे, यंत्राने होणारी काढणी आहे, आणि ही झडही आहे. किराणा दुकानात मिळणारा चकचकीत, एकसारखा हिरवा मूग येवल्याचाच असेल असं म्हणूनच कुणी गृहीत धरू नये. गावरान मूग बारीक असतो, रंगाला थोडा मळकट, आणि शिजायला चांगला. मिळाला तर या पदार्थासाठी तोच घ्यावा.

कांद्याबद्दल तर नाशिककराला मी काय सांगणार. तरी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. 2022 च्या डिसेंबरात मनिलाच्या बाजारात कांदा किलोला सातशे पेसोंच्या घरात गेला होता, आपल्या हिशेबाने हजार रुपयांच्या आसपास. मांसापेक्षा कांदा महाग. घरोघरचा शुक्रवारचा मुंगो त्या महिन्यात कांद्याविना झाला असणार. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, लासलगावच्या बाजार समितीत कांदा इतका कोसळला की गाडीभाडं सुटेना. अखेर सरकारला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. एकाच पदार्थाच्या फोडणीतला कांदा एका देशात चैन झाला होता आणि दुसऱ्या देशात रस्त्यावर ओतला जात होता. निर्यातीचं धोरण, जहाजाचं भाडं, साठवणीची सोय, आयातीचे परवाने असली उत्तरं यावर असतात आणि ती खोटीही नसतात. पण ती ऐकून लासलगावच्या शेतकऱ्याचंही समाधान होत नाही आणि मनिलाच्या गृहिणीचंही.

मुगाची आपल्याकडे दोन रूपं प्रतिष्ठित आहेत. मोड आणून केलेली उसळ, आणि डाळीची खिचडी किंवा वरण. नाशिकची मिसळ मटकीवर उभी आहे, तिथे मुगाला दुय्यम जागा. अख्खा, बिनमोडाचा मूग नुसता शिजवून खाणं म्हणजे कढण, आणि कढण म्हणजे आजारपण. चरकाने डाळींच्या वर्गात मुगाला पहिलं स्थान दिलं, ते पचायला हलका म्हणून. त्या थोर प्रशस्तीचा परिणाम असा झाला की ताप आलेल्या माणसापुढे मुगाचं पाणी आलं आणि बरं वाटू लागताच ते हद्दपार झालं. ज्याच्या वाट्याला लहानपणी टायफॉईड आला, त्याला मोठेपणी हिरव्या मुगाच्या वाफेनेही अंथरूण आठवतं. मला वाटतं, मुगावर आपण इतका मसाला घालतो तो याच भीतीपोटी. आमटीत गोडा मसाला, आमसूल, गूळ, खोबरं, वर कोथिंबीर. हे सगळं मला आवडतं आणि या पुस्तिकेत पुढे ते येणारही आहे. पण त्या आमटीत मुगाच्या जागी मसूर घातली तर किती जणांच्या लक्षात येईल?

मुंगोत ती चोरी चालत नाही. तिथे मुगाची चव उघडी असते. किंचित गोडसर, थोडी मातकट, मागे राहणारा हिरवा वास. लसूण तिला धार देते, टोमॅटो आंबटपणा देतो, पाला कडवटपणा. तीन चवी तीन भाज्यांकडून, मसाल्याकडून एकही नाही. गोव्यातली चवथीची मुगागाठी थोडी या बाजूला झुकते, पण तिथेही नारळ पुढे येतो. फिलिपाईन्सच्या मधल्या बेटांवर मुंगोत नारळाचं दूध घालण्याची पद्धत आहे. ती चव गोवेकराला परकी वाटणार नाही. गोडातही तेच, भाजलेला मूग, चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध एकत्र शिजवून फिलिपिनो लोक खीर करतात.

आता प्रत्यक्ष शिजवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पाककृतीच्या पानावर कारणं लिहायला जागा नसते. एक वाटी मुगाला सहा वाट्या पाणी लागतं, चार माणसांना पुरतं. मूग निवडून धुवावे. कुचर दाणे आधीच काढता येत नाहीत, पण काही तास भिजवल्यावर जे फुगलेच नाहीत ते वेचता येतात, आणि वेचावेत, नाहीतर कुणाच्या तरी दाढेखाली येतात. कुकरला माझा विरोध नाही. पण या पदार्थाला उघडं पातेलं बरं, कारण मूग फुटून पाण्याला दाटपणा आला पाहिजे आणि तरी अर्धे दाणे अंगाने शाबूत राहिले पाहिजेत. शिट्ट्या मोजून हा तोल सापडत नाही. मूग न भिजवताच लावले तर मध्यम आचेवर पाऊण तास धरावा. मोड आलेले मूग इथे वापरू नयेत, ते आकार धरून ठेवतात आणि पाणी पाणीच राहतं. फिलिपिनो स्वयंपाकात मोडांना वेगळी कामं आहेत, ते परतून गुंडाळ्यांत भरतात.

टोमॅटो मुगात सुरुवातीला टाकू नये. आंबटाने कडधान्याचं साल आणि गर घट्ट राहतात, मग कितीही उकळा. म्हणूनच तिकडे मूग आणि फोडणी वेगवेगळ्या भांड्यांत होतात. यामागे कुणी शास्त्र मांडलं नसेल, पिढ्यांनी पाहिलं असेल. पाण्याचंही तसंच. शहरातल्या गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्यात मूग सुखाने शिजतो. सिन्नर-येवल्याकडच्या खाऱ्या, जड बोअरच्या पाण्यात तो तासभर दगडासारखा राहू शकतो, कारण पाण्यातला चुना दाण्याच्या भिंती पक्क्या करतो. तिथे पिण्याचं आरओचं पाणी वापरावं. वर्षभर गरम खोलीत पडून राहिलेला मूगही असाच हट्टी होतो, त्याला पाण्याचा दोष देऊ नये.

दुसऱ्या भांड्यात दोन चमचे तेल. लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून टाकायच्या आणि कडेने सोनेरी होऊ द्यायच्या. करपल्या तर टाकून पुन्हा सुरुवात करावी, इथे झाकायला मसाला नाही. मग चिरलेला कांदा, तो पारदर्शक झाला की दोन टोमॅटो. गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून देशभर जाणारे टोमॅटो ट्रकमध्ये टिकावेत म्हणून जाड सालीचे आणि घट्ट असतात. या पदार्थाला त्यांचा उपयोग कमी. हातगाडीवर कोपऱ्यात सारून ठेवलेले, मऊ पडलेले, लाल भडक टोमॅटो घ्यावेत, स्वस्तही मिळतात. ते पूर्ण विरघळून तेल सुटेपर्यंत परतायचे. इथे घाई केली तर पदार्थ कच्चा लागतो. मग त्यावर शिजलेला मूग पाण्यासकट ओतायचा, मीठ घालायचं, दहा मिनिटं उकळू द्यायचं.

पाला सगळ्यात शेवटी. शेवग्याची पानं देठांपासून ओरबाडून घ्यायची, काड्या कटाक्षाने टाकायच्या, दोन ओंजळी झाल्या की पुरे. गॅस बंद करून मगच टाकायच्या आणि ढवळायच्या. कोकणात गोकुळाष्टमीला ही भाजी आवर्जून होते. नाशिकमध्ये शेंगा खाऊन पाला जनावरांना घालण्याची रीत जास्त दिसते. आता तोच पाला वाळवून, दळून, बाटलीत भरून आरोग्याच्या नावाने विकला जातो. पावडर विकत घेणाऱ्यांनी एकदा झाडाकडे वर पाहावं एवढीच विनंती. फिलिपिनो घरांत शेवग्याऐवजी कारल्याचा कोवळा पालाही घालतात. आपल्या जिल्ह्यात कारल्याचे मांडव हवे तेवढे आहेत, पण त्यावर फवारण्या होतात आणि त्या पानं खाण्याच्या हिशेबाने केलेल्या नसतात. घरच्या कुंडीतला वेल असेल तरच तो प्रयोग करावा. मायाळू, पालक, अगदी भोपळ्याची कोवळी पानंसुद्धा चालतात.

राहिला मासळीचा प्रश्न. अस्सल मुंगोत माशांपासून काढलेलं खारट पाणी, पातिस, किंवा मुरवलेली बारीक मासळी, बागूंग, असते, आणि वर सुकं किंवा भाजलेलं काहीतरी. शाकाहारी घरांनी ते सोडून द्यावं आणि बदली शोधत बसू नये. टोमॅटो नीट परतला असेल तर पदार्थ लंगडा होत नाही. खाणाऱ्यांनी मात्र आपल्याच बाजारात पाहावं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या आठवडे बाजारांत सुकट आणि बोंबील नेमाने येतात, आणि तिथल्या पाड्यांवरच्या चुलीवर मीठ, मिरची, लसूण, रानभाजी आणि चिमूटभर सुकट एवढ्यावर कालवण होतं. कोकणा आणि महादेव कोळी घरांतलं हे जेवण शहरातल्या आमटीपेक्षा मुंगोला कितीतरी जवळचं आहे. जवळा कोरडा भाजून फोडणीत कांद्याबरोबर टाकला की मनिलाची चव बरीचशी गाठता येते. नाशिककरांनी मिसळीवर पापड चुरायला जगाला शिकवलंय, तेव्हा वरच्या कुरकुरीतपणासाठी भाजलेला नागलीचा पापड आहेच.

ही पुस्तिका पथ्याची नाही, तरी विचारणाऱ्यांसाठी एवढं: शंभर ग्रॅम सुक्या मुगात साधारण चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मुगात जे कमी ते भातात असतं, भातात जे कमी ते मुगात. टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वामुळे मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते. शुक्रवारचा बेत ठरवणाऱ्या बायकांनी हे वाचलेलं नव्हतं.

पुढच्या पानांवर आधी मुंगोची कृती आहे, मग नारळाच्या दुधातलं तिचं रूप, मग आपली मुगाची आमटी, कढण, मुगागाठी आणि पाला घातलेली मुगाची पातळ भाजी. क्रम मुद्दाम असा लावला आहे. पहिली कृती केल्यावर बाकीच्यांत आपण किती मसाला घालायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. लेखी प्रमाण मी कमीकडेच ठेवलं आहे. मुंगो पहिल्या दिवशी भातावर पातळसरच घ्यावा. उरलेला रात्रभरात आळतो, त्यात सकाळी पाणी घालून सारखा करण्याच्या भानगडीत पडू नये. तसाच गरम करावा आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खावा. मनिलात कुणी तसं खात नाही, पण त्यांच्याकडे बाजरी नाही.